टेकडीच्या रंगाची भिंत

९ जानेवारी

आलो एकदाचे. टेम्पोवाल्याने सामान अंगणात उतरवलं आणि पाणीसुद्धा न पिता गेला. आत्याने मरण्याआधी हे घर माझ्या नावावर केलं खरं, पण मी ते लहानपणानंतर पाहिलंच नव्हतं. तीन खोल्या, पत्र्याची पडवी, मागे टेकडी आणि पुढे समुद्र. पण घराचं तोंड टेकडीकडे! समुद्राच्या बाजूला एक खिडकी म्हणून नाही. नुसती भिंत, पंचवीस फूट लांब, बारा फूट उंच, चुन्याने पांढरीफटक. एवढा समुद्र दारात असताना त्याच्याकडे पाठ करून बसायचं म्हणजे कमाल आहे. आत्या जरा चक्रम आहे असं बाबा म्हणायचे, ते खोटं नसावं.

ही सामान आत न्यायला लागली. शहर सोडताना बोलली होती तेवढं पुरेसं आहे. "उन्हाळ्यापर्यंत बघते. नाही करमलं तर मी धाकट्या लेकीकडे जाऊन राहीन. तुम्ही बसा समुद्र बघत." तिची ट्रंक तिने उघडलेली नाही. कुलपासकट दाराशी ठेवली आहे.

चौतीस वर्षं मी गिरणीच्या रंगखात्यात काढली. घरी यायचो तो नखं निळी नाहीतर लाल घेऊन, आणि जेवून झोपायचो. उरलेली वर्षं हिच्याबरोबर बसून काढायची असं ठरवलं आहे. शहरात मला दम लागतो, आणि हिच्याशिवाय इथे मी आठवडाभरही टिकणार नाही. म्हणजे सगळं त्या ट्रंकेवर आलं.

१२ जानेवारी

आज ओहोटीला समुद्र गेला. गेला म्हणजे खरोखर गेला. काल जिथे लाटा आपटत होत्या तिथे सकाळी काळे खडक आणि डबकी, लांबच लांब. मी आणि ही चालत आत गेलो. मध्येच मला सुचलं की आपण समुद्राच्या तळावर चपला घालून उभे आहोत, आणि मी जागीच थांबलो. हिला सांगितलं तर म्हणाली, "मग काढा चपला."

एका डबक्यात फुलासारखं काहीतरी होतं. बोट लावलं तसं मिटलं. त्याचा जांभळा! मी गिरणीत किती जांभळे जुळवले असतील. मालक नमुना टेबलावर टाकायचे आणि म्हणायचे, मास्तर, हा पाहिजे. तासाभरात मी तोच काढून द्यायचो, उन्हात धरा की दिव्याखाली, फरक सापडायचा नाही. पण हा मला जमला नसता. पाऊण तास मी तिथे उकिडवा बसलो होतो. पाय सुन्न झाले तेव्हा कळलं.

शेजारची बाई तिथेच शिंपले काढत होती. तिला गावात सगळे वादळ म्हणतात, आणि तिचा आवाज ऐकला की का ते विचारावं लागत नाही. तिने लांबवर खडकांची रांग दाखवली. भरतीला ती पाण्याखाली जाते. रांगेत एकच फट आहे, जेमतेम एक ट्रक जाईल एवढी, आणि गावातल्या सगळ्या होड्या तिच्यातूनच येतात-जातात.

"पण पाण्याखालची फट सापडते कशी?" मी विचारलं.

"दिसते की हो, मास्तर! डोळे कशाला दिलेत?"

या लोकांची नजर अफाट तीक्ष्ण असली पाहिजे.

२० जानेवारी

एक गोष्ट लिहायची राहिली. होड्या परत येताना पुढे उभा असलेला माणूस थेट आमच्या घराकडे हात करतो. रोज, प्रत्येक होडीतला. मीही खडकावर उभा राहून हात हलवतो. शहरात वीस वर्षं एका मजल्यावर राहून कुणी मान हलवली नाही, आणि इथे भर समुद्रातून नमस्कार! हिला म्हटलं, बघ माणुसकी. ही म्हणाली, "तुम्हालाच करतात का पण?" हिला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवयच आहे.

३ फेब्रुवारी

सकाळी पक्षी आले. चिमणीएवढे, पण किती ते मोजायची सोय नाही. ओल्या वाळूवर चालत होते तोवर वाळूच्याच रंगाचे होते. एकदम उडाले आणि सगळे मिळून वळले, तसं ते अख्खं आभाळ पांढरं झालं. पुन्हा वळले, पुन्हा तपकिरी. हजारो जीव, आणि कुणी कुणाला धडकलं नाही, कुणी हुकूम दिला नाही. माझ्या तोंडून नुसतं "अरे, अरे" निघत होतं. शेजारी ही उभी होती, तिच्या डोळ्यांत पाणी होतं. वाऱ्यामुळे असेल.

नंतर भिंतीजवळून येताना ती डोळ्यांवर हात धरून म्हणाली, "या आत्यांच्या भिंतीने डोळे दिपतात बाई." मग टेकडीकडे वळून म्हणाली, "आणि तो रंग बघा. तो घरात न्यावासा वाटतो." टेकडीवर सकाळचं धुकट होतं. राखाडी, त्यात हिरवा, आणि अगदी तळाला किंचित जांभळा. वर शेंड्याजवळ तो मोठा काळा खडक.

 लग्नाला छत्तीस वर्षं झाली आणि हिने मला एकदाही एखादा रंग मागितला नव्हता. मी जगाला रंग करून दिले.

११ फेब्रुवारी

दादा येऊन गेले. दादा म्हणजे वादळचे सासरे, गावातले सगळ्यांत जुने नावाडी. पडवीत बसले, चहा घेतला, गुडघा चोळला आणि म्हणाले, "भिंतीचं कधी काढायचं, मास्तर? दर वर्षी आम्ही सगळे मिळून करतो. यंदा उशीर झालाय."

बिचारे. आत्या एकटी होती म्हणून हे लोक तिच्या घराला सफेदी करून द्यायचे. मी धडधाकट माणूस, चौतीस वर्षं रंगात काढलेला, आणि यांच्याकडून फुकट काम करून घेऊ?

"तुम्ही अजिबात तसदी घेऊ नका," मी म्हटलं. "भिंतीचं माझ्याकडे लागलं. रंगातला माणूस आहे मी. बघत राहाल असं करतो."

ते खूश झाले. "मग काळजी मिटली. भिंत शाबूत राहिली म्हणजे झालं," म्हणाले आणि काठी टेकत गेले.

१९ फेब्रुवारी

ही हल्ली दिवसभर वादळच्या मागे खडकांवर असते. येते ती ओच्यात शंखशिंपले घेऊन, आणि ते कुठे ठेवते कोण जाणे. इथे करमत नाही म्हणून घराबाहेर राहत असावी. ट्रंक जिथल्या तिथे. काल मी सरकवून बघितली. चांगली जड आहे.

५ मार्च

नमुना जुळला! अठरा दिवस लागले. शहरातून डिस्टेंपर आणि रंगाच्या बाटल्या मागवल्या होत्या. रोज सकाळी ही गेली की मी पुठ्ठ्यावर रंगाचा हात मारायचो आणि तो टेकडीसमोर धरायचो. आधी हिरवा जास्त झाला, मग राखाडी मेला, मग जांभळा वर आला. आज पुठ्ठा हात लांब करून धरला आणि तो दिसेनासा झाला. टेकडीला भोक बुजवल्यासारखा बसला. मालक असते तर पाठ थोपटली असती.

हिला काही सांगितलेलं नाही. चौदाला ही वादळच्या होडीतून बाहेरच्या बेटावर शिंपले काढायला जाणार आहे. अख्खा दिवस मोकळा मिळेल. समुद्रातून परत येताना लांबूनच तिला तिचा रंग दिसेल.

१५ मार्च

कालचं आज लिहितो. काल वही उघडलीच नाही.

सकाळी होडी गेली. पाच बाया, त्यांत ही. दादांचा गुडघा सुजला होता म्हणून सुकाणू वादळकडे. भरतीला, तीनच्या सुमारास परत यायच्या होत्या. होडी फटीबाहेर गेल्यावर मी शिडी लावली. दोनपर्यंत सगळी भिंत झाली. खाली खडकांवर पन्नास पावलं जाऊन वळून पाहिलं, आणि खरं सांगतो, मलाच भिंत सापडेना. टेकडी सरळ उतरून खडकांना मिळाली होती. मी एकटाच मोठ्याने हसलो. आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि खडकावर जाऊन बसलो.

तीनला होडी दिसली. नखाएवढी. हवा धुरकट होती. ती रांगेच्या बाहेर येऊन थांबली. मग आडवी झाली, थोडी गेली, परत आली, पुन्हा थांबली. मला वाटलं, हिने सगळ्यांना थांबवून रंग दाखवायला घेतला. मी टॉवेल हलवला. अर्धा तास मी टॉवेल हलवत होतो. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहायलाच हवं.

मग वळणावरून दादा आले. काठी नव्हती. त्या गुडघ्यावर तो माणूस पळत होता.

"भिंत कुठाय?"

"ही काय! जमली की नाही?"

ते भिंतीपाशी गेले, तिच्यावर हात ठेवला. पंजा ओल्या रंगाने भरला. पंजाकडे बघत अगदी हळू म्हणाले, "मास्तर, होड्या हिच्यावरून आत येतात."

मला काही समजेना. त्यांनी मला दंडाला धरून वळवलं, वरचा काळा खडक दाखवला. समुद्रातून तो खडक पांढऱ्या भिंतीच्या बरोबर मध्यावर आला, की फट होडीच्या नाकासमोर. चार हात इकडेतिकडे झालं तर तळ फुटतो. दादा डोळे मिटून आत आले असते. वादळला भिंत लागते. मोबाइलच्या नकाशात तिथे नुसता निळा रंग आहे.

"मला कुणी सांगितलं का नाही?" मी ओरडलो.

"हे काय सांगायचं असतं? तुम्ही आत्याचे भाचे! भिंतीचं माझ्याकडे लागलं म्हणालात!"

भरती आणखी तासभर, फार तर. मग फटीत लाटा फुटायला लागतात. वारा जमिनीवरून बाहेर वाहत होता, दुसरं बंदर अर्ध्या दिवसावर, आणि होडीत तेल जेमतेम परत येण्यापुरतं. दादा म्हणाले, चुना मारू. मी म्हटलं, ओला चुना पांढरा दिसत नाही, वाळायला दोन तास लागतात. आयुष्यभराच्या ज्ञानाचा तेवढाच उपयोग झाला.

"मग पांढरं काय आहे?"

"चादरी!" मी म्हणालो आणि घरात धावलो. हिच्या ट्रंकेत आमच्या गिरणीच्या चादरी आहेत, धाकटीच्या लग्नापासून जपलेल्या. दगडाने कुलूप फोडलं. आत शिंपले! शंख, शिंपले, वाळलेले समुद्रतारे, एकेक कागदात गुंडाळून, वर हिच्या अक्षरात तारीख. पहिला कागद तेरा जानेवारीचा. चादरीचा पत्ता नाही. मी वेड्यासारखा घरभर फिरलो तेव्हा आत्याच्या कपाटात सापडल्या, घड्या घालून, डांबरगोळ्यांसकट. हिच्या साड्या आणि माझे स्वेटरही तिथेच होते. मला न सांगता सगळं लावून टाकलं होतं. त्यापायी माझी पाच मिनिटं गेली.

तोवर दादांनी गाव गोळा केला होता. कुणी काही विचारलं नाही. जो तो घरातली पांढरी चादर घेऊन पळत येत होता. छपरावर माणसं चढली, वर दगड ठेवले, चादरी खाली सोडल्या. ओल्या रंगाला त्या आपोआप चिकटल्या. अकरा चादरी होत्या आणि अकराही पांढरे वेगळे. एक निळसर, एक दुधाळ, एक धुवून धुवून पिवळट. अशा वेळी मला हे दिसत होतं, याची चीड आली. दादा खाली उभे राहून ओरडत होते, "डावी कड सरळ करा! मध्य चुकला तर मेल्या त्या!"

मग करण्यासारखं काही उरलं नाही. सगळे खडकांवर येऊन उभे राहिले.

होडी सरळ झाली. तिचं नाक आमच्याकडे वळलं. पुढे कुणीतरी उभं राहिलं आणि त्याने हात वर केला, आमच्या घराकडे. रोज मी ज्याला नमस्कार समजत होतो तो हा हात. पुढे उभी होती ती ही होती. तिचा लाल स्वेटर मी ओळखला.

मागून लाट आली. इतके दिवस मी या समुद्राचे रंग बघत होतो, पण त्याचं वजन काल पहिल्यांदा पाहिलं. दोन्ही बाजूंना पाणी फाटून काळे दात दिसले. होडी उचलली गेली आणि लाटेआड नाहीशी झाली. मी आकडे मोजत होतो. का, ते माहीत नाही. सातव्या आकड्याला ती अलीकडच्या संथ पाण्यात दिसली, पाचही डोकी वर.

ही उतरली. भिंतीकडे बघून पहिलं वाक्य बोलली, "माझ्या चांगल्या चादरी ओल्या रंगाला लावल्या?" मग मटकन खडकावर बसली. माझ्या सदऱ्याची बाही धरली, ती अंधार पडेपर्यंत सोडली नाही.

१६ मार्च

मला कुणी बोललं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ही आज बोलली. "टेकडी होती, खडक होता, मध्ये काहीच नव्हतं. वादळ एकदम गप्प झाली. ती गप्प झाली तेव्हा मला भीती वाटली." रंग कुणासाठी केला ते मी सांगितलं. तिने माझ्या नखांतला रंग बघितला. "मी सहज बोलले होते हो," म्हणाली आणि आत गेली. आता धाकटीला फोन करेल असं वाटलं. तिने चादरी भिजत घातल्या.

संध्याकाळी दादांकडे गेलो. पाय धरायला वाकलो तर त्यांनी दंडाला धरून बसवलं. "एक सांगू? रंग मात्र फर्मास जमला होता. पन्नास वर्षं त्या भिंतीवर होडी आणतोय, मलाही दिसेना." आणि हसले. मला रडू आलं.

मग त्यांनी आत्याचं सांगितलं. घर बांधताना गवंड्याने समुद्राकडे दोन खिडक्या काढल्या होत्या. दादांच्या वडिलांनी येऊन विनंती केली की खिडक्यांनी भिंत तुटेल, लांबून नीट दिसणार नाही. आत्याने त्याच दिवशी त्या बुजवल्या. समुद्रासाठी इथे आलेली बाई, पन्नास वर्षं भिंतीकडे बघत जेवली. या गावात जे कुणी समुद्रावर जाऊन परत आलंय ते तिच्या भिंतीवरून आलंय. आणि मी पहिल्याच दिवशी तिला चक्रम लिहून मोकळा झालो. ते पान फाडणार नाही. माझ्या मूर्खपणाचा पुरावा राहू दे.

१८ मार्च

सगळ्या गावाने मिळून चुना लावला. चुन्याच्या दुसऱ्या हाताला माझा रंग पार झाकला गेला. मीही एक कुंचा धरला होता. एका माणसाने तर माझ्या हातातला कुंचा तपासून बघितला. बरोबरच आहे त्याचं.

२ एप्रिल

चुना पक्का वाळला. दादा म्हणाले, "पांढरा नीट आहे की नाही ते इथून कळत नाही. चला बाहेर."

मी आजवर होडीत पाऊल ठेवलेलं नाही. पोहता येत नाही आणि पाण्याची भीती वाटते, हे इथे कुणाला माहीत नाही, हिला सोडून. पण नाही म्हणायला मला तोंड कुठे होतं? हीपण निघाली. मनात म्हटलं, आज विचारूनच टाकू, जाणार की राहणार.

जाताना मी तळाकडेच बघत होतो. फटीतून गेलो कधी तेही पाहिलं नाही. बाहेर दादांनी होडी वळवली आणि म्हणाले, "आता बघा."

किती मोठं आहे सगळं! एवढं आभाळ, एवढं पाणी, टेकड्यांमागे टेकड्या, आणि त्यात गाव म्हणजे चिमूटभर. घर ओळखू येत नव्हतं, दार नाही, पडवी नाही. फक्त नखाएवढा एक पांढरा तुकडा. त्या अफाट पसाऱ्यात माणसाने केलेली तेवढीच एक गोष्ट दिसत होती.  गिरणीत मी कधी निवडला नसता असा तो पांढरा होता, साधा चुन्याचा, आणि डोळा दुसरीकडे जातच नव्हता.

"सुकाणू कुणाकडे देऊ?" दादांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता उठून बाजूला सरकले. ही जाऊन तिथे बसली. सरावाने बसल्यासारखी. पदर खोचला, एक पाय आडव्या फळीला टेकवला. मी दादांकडे पाहिलं. ते दुसरीकडे बघत होते.

"हे कधी शिकलीस?"

"बोलू नका आता," ती म्हणाली.

वर काळा खडक सरकायला लागला. भिंतीच्या उजव्या कडेवर आला, आत आला, आणखी आत. ही ओठ दाबून एकटक बघत होती. छत्तीस वर्षांत मी तिचा तो चेहरा पाहिला नव्हता. खडक मध्यावर येऊन बसला. दादांनी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "आला," आणि होडी आत घातली.

दोन्ही बाजूंनी पाणी गरजायला लागलं. तिला जे विचारायचं होतं ते सगळं विसरलो. मी फळी घट्ट धरली आणि डोळे गच्च मिटले.

"अहो," मागून हिचा आवाज आला, "डोळे मिटू नका. घर दिसतंय आपलं."

मी उघडले.